रिकाम्या खळग्यातला जांभळा रंग

माझा स्वभाव संशयी. दूध आलं की आधी वास घेते, नवा रायपूरची बस वेळेवर आली तर पाटी दोनदा वाचते. म्हणून प्रयोगशाळेत सगळे खूश असताना मलाच शंका आली, याचं घरी कुणाला नवल वाटलं नसतं.

काम चांदीच्या कणांवर होतं. हे कण इतके बारीक, की पेशीत शिरून तिला मारतात. सोबत मुनग्याच्या, म्हणजे शेवग्याच्या, पाल्याचा अर्क घातला तर पेशी वाचतात का, हे मी बघत होते. ताटलीतल्या खळग्यांत पेशी वाढवायच्या, कण आणि अर्क घालायचा, शेवटी पिवळा रंग टाकायचा. जिवंत पेशी तो जांभळा करतात. अर्काचे माझे सगळे खळगे गर्द जांभळे झाले. आमच्या मार्गदर्शक सरांनी समोसे मागवले.

हे मी घरी जेवताना सांगितलं आणि तिथेच बिघडलं. बाबांची सगळी नोकरी कारखान्यात भट्टीजवळ झाली, छातीत धूळ बसलेली. ते म्हणाले, "कण म्हणजे कण. चांदीचा काय न् लोखंडाचा काय." दुसऱ्या दिवसापासून आई पाला उकळू लागली आणि बाबांनी श्वासाचा पंप कपाटात टाकला. अजून काही पक्कं नाही म्हटलं, तर ऐकेनात. उलट शेजाऱ्यांना सांगत, "आमच्या पोट्टीनं शोधून काढलं." जिना चढताना मध्येच थांबत आणि तेलीबांध्याचं तळं बघतोय असं दाखवत. मला त्या थांबण्याचा राग यायचा, आणि भीतीही वाटायची.

निकाल फारच गोड होता. अर्क वाढवला की जांभळा वाढायचा, कुठे अडखळणं म्हणून नाही. शिवाय रंग टाकण्याआधी आमच्याकडे अर्क धुवून काढत नसत. धुताना पेशी वाहून जातात, म्हणून सरांनी ती पायरीच गाळली होती. एका दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी काही खळगे पेशींशिवाय ठेवले. नुसता अर्क आणि रंग. संध्याकाळी बघितलं, तर तेही जांभळे. रंग अर्कच बदलत होता. पेशी जगल्या की मेल्या, हे आम्हाला कधी कळलंच नव्हतं.

घरी पोचले तेव्हा बाबा काढा पीत होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

"म्हणजे मुनग्यानं काही होत नाही?"

"होतही असन. मले माहीत नाही, बाबा."

मला वाटलं, आता वाद घालतील, निदान शेजाऱ्यांपुढे तोंडघशी पडण्याबद्दल तरी बोलतील. मी त्यांच्या जागी असते तर उलटतपासणी घेतली असती. त्यांनी पेला खाली ठेवला.

"तू म्हणून राहिली, तर तसंच असन. जाय, पंप आण."

मी पंप आणून दिला. माझ्यावर कुणी इतका विश्वास ठेवू नये, असं तेव्हा अगदी मनापासून वाटलं.