गोड्या पाण्याची घागर

परभणीत आमची खोली माडीवर होती. खाली आड होता, पण त्याचं पाणी खारट. त्यात डाळ शिजत नसे, चहाला चव येत नसे. गोड्या पाण्याची विहीर बाजाराच्या पलीकडे. तिथून घागर आणायची आणि अरुंद दगडी जिन्यानं वर चढवायची. मला सांगायचं आहे ते एवढ्या पाण्याचंच. तोंड उघडायला मात्र निम्मी हयात गेली.

निजामाचं राज्य जाऊन फार काळ लोटला नव्हता. कचेरीत उर्दूच्या जागी मराठी येत होती. मला दोन्ही लिहिता येत, म्हणून आमच्या झरी गावाहून उठून मी थेट खुर्चीवर येऊन बसलो. गावात मोट हाकलेला माणूस. पाण्याची लाज कसली? सुरुवातीला घागर मीच आणत होतो. एकदा कचेरीतल्या सोबत्यानं पानाच्या ठेल्यावरून पाहिलं आणि ओरडला, "क्या मुन्शी, कचेरी छोड़ को भिश्ती बन गये क्या?" ठेला खदखदून हसला. मीही हसलो. दुसऱ्या दिवसापासून घागर बायकोच्या डोक्यावर गेली.

तिला दिवस गेले होते. थोरली अजून अंगावर पीत होती. खोलीला खिडकी नव्हती, सरपण ओलं; चूल पेटली की ती खोकत राही. माझं जेवण झाल्यावर उरेल तेवढंच ती खायची. गावाकडं निदान जावा-नणंदा होत्या, एकीचं ओझं दुसरी घ्यायची. शहरात तिला मी एकटा होतो, म्हणजे कुणीच नव्हतं. एकदा तिनं आडाच्या पाण्यात वरण टाकलं. डाळ कच्ची राहिली. मी ताट सरकवलं. त्यानंतर तिनं खारं पाणी चुलीवर ठेवलं नाही.

सातवा लागला तसा तिचा भाऊ चारठाण्याहून तिला न्यायला आला. पायातल्या वहाणा हातात घेऊन जिना चढला बिचारा.

"दाजी, आक्का लय वाळलीय. बाळंतपण आमच्याकडंच होऊ द्या."

"खेड्यात काय आहे? इथं दवाखाना आहे," मी म्हणालो.

"दवाखाना हाय, पर पाणी कोण आणतंय?"

ती आत भाकरी थापत राहिली. ती गेली तर माझ्या जेवणाचं काय, हे मला त्याच्यापुढं म्हणवलं नाही. रिकाम्या हातानं तो परत गेला. माहेरचा माणूस असा परत जाणं म्हणजे काय, हे सासुरवाशिणीला विचारावं.

त्यानंतर काही दिवसांतच जिन्यावर तिच्या पोटात कळ आली. घागर फुटली नाही. तिनं ती आधी पायरीवर नीट ठेवली, मग बसली. ज्या दवाखान्याचा तोरा मी मिरवला होता, तिथं तिला पहिल्यांदा तेव्हा नेलं. मुलगा झाला. ओंजळीत मावेल एवढा. तिथल्या बाईंनी विचारलं, "ओझं उचलत होत्या का? पोटभर खात होत्या का?" ती बोलण्याआधीच मी म्हणालो, "घरी सगळा आराम आहे." ती माझ्याकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवशी मूल गेलं.

गावाहून आई आली. उंबऱ्यातूनच बोलली, "गिरणात काही चिरलं-कापलं असंल हिनं. इचार की तिला!"

त्या महिन्यात चंद्रग्रहण झालं होतं खरं. आणि मी डोळ्यांनी पाहिलं होतं, ग्रहण सुटेपर्यंत ती भिंतीला टेकून, हात मांडीवर ठेवून बसली होती. त्या महिन्यात तिला मिळालेला विसावा तेवढाच.

आईनं माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "चिरली असेल भाजी."

बस्स. तेवढ्यानं सगळं मिटलं. झरीत तेच ठरलं, भावकीत तेच ठरलं. पुढं आम्हाला मुलगा झाला, जगला, त्याचं लग्नही केलं. पण कुणाचं बाळंतपण निघालं की बायका हिचा दाखला द्यायच्या, आणि ही मान खाली घालून ऐकायची.

परवा ग्रहण होतं. सून पोटुशी. तिनं पाणी मागितलं तर बायको म्हणाली, "सुटंस्तोवर न्हाई. माझ्यावाणी होईल." मी उठलो, नळाचं पाणी तांब्यात घेतलं आणि सुनेच्या हातात दिलं. सुनेसमोरच म्हणालो, "हिनं भाजी चिरली नव्हती. मी खोटं बोललो. पोर गेलं ते पाण्याच्या घागरीनं, उपासमारीनं, आणि माझ्यानं."

सून तांब्या धरून तशीच बसली.

"तुमी तसं बोललात म्हनून मी बी भावाला तेच सांगितलं," बायको म्हणाली. "त्यो म्हनला, आक्का, तुझं तुलाच सांभाळता आलं न्हाई. पुना माझ्याकडं आला न्हाई." पदरानं हात पुसून ती उठली. "मरूस्तोवर तसंच समजून गेला त्यो. आता कुनाला सांगायलाव तुमी?"