फवारलेली भिंत

दुष्काळाच्या वर्षी कोल्हारच्या आमच्या भाड्याच्या खोलीत एक झाडबेडूक राहायला आला. मातकट रंगाचा, बोटांच्या टोकांना गोल गाद्या असलेला. दिवसा न्हाणीच्या भिंतीला चिकटून झोपायचा, दिवेलागणीला किडे टिपायचा. नवरा नोकरीपायी शेवगावला, मी इथल्या शाळेत. घरात दुसरा जिवंत प्राणी तोच.

एका सोमवारी शाळेतून आले तर तो भर उजेडात फरशीवर बसलेला. रंग काळपट. मागचा एक पाय लांब सुटलेला, तो आत ओढून घेईना. समोर माशी बसली तरी हलला नाही. हातात घेतला तर अंग मधूनमधून थरथरत होतं.

मी वहीत कारणं लिहिली. ऊन, साबण, गढूळ पाणी, उपास. एकेक तपासून काट मारली. काहीच उरलं नाही तेव्हा मात्र घाबरले.

शेजारच्या मावशी दारातून डोकावल्या. "काय गं बाई, बेडकाचा ताप बघतीस व्हय?"

"हसू नका मावशी. परवापासून खाल्लं नाही त्यानं."

"हितं मानसाला पानी न्हाई, आन् हिचं बघा!"

ओल्या फडक्यात गुंडाळून, डब्यात घालून मी त्याला गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "बाई, म्हैस असती तर सांगितलं असतं." मग त्याला उलटा करून पाहिलं. "घरात नवीन काय झालं?"

त्याच वहीत मी रोजची कामंही टिपायची, ती उघडून वाचली. शनिवार, मलेरियाची माणसं फवारणीला. पीठ झाकणे. मडकं बाहेर. गाद्या उन्हात.

"आणि हा कुठं होता?"

"भिंतीवर," मी म्हणाले आणि वही मिटली.

"कातडीतून पाणी पितो हा. औषधही तसंच गेलं असणार. धूत राहा. बाकी माझ्या हातात नाही."

दिवसाला दोन हंडे पाणी मिळायचं. स्वयंपाकाला लागेल तेवढं ठेवून उरलेलं त्याला. मधल्या सुट्टीत धावत यायचं, आधी गळ्याची धडधड बघायची, मग भांड्यातलं पाणी बदलायचं. मंगळवारी ती धडधड दोनदा दिसेनाशी झाली. संध्याकाळी मावशींनी तांब्या आणून आदळला. "घे, गाळल्यालं हाय. मेला तर तू रडत बसशील, आन् मला झोप न्हाई."

बुधवारी पाय आत आला. गुरुवारी सकाळी पाहते तर भांड्यावरचं फडकं सरकलेलं, भांडं रिकामं. तो त्याच भिंतीवर, फवाऱ्याच्या पांढुरक्या डागांपासून वीतभर खाली, वर चढत होता.

भिंत धुवायची नाही, असं फवारणीची माणसं बजावून गेली होती. धुवायला पाणी तरी कुठून आणणार? मी त्याला उचललं आणि मावशींच्या भावाच्या मळ्यात गेले. तिथे विहिरीचं उपसलेलं पाणी पडतं त्या थारोळ्याशी केळीची चार झाडं तग धरून होती. पानाच्या बेचक्यात ठेवला. त्यानं पाय पोटाशी घेतले, डोळे मिटले. आराम वाटून मिटले की थकून, ते कळेना. शाळेची घंटा झाली तरी मी तिथेच उभी होते.