खिडकी एकला बंद होते

शनिवारी सकाळची शाळा असते, म्हणून माझा तासही शनिवारीच. मी शहरात, उस्मानपुऱ्यातल्या माझ्या खोलीत लॅपटॉपसमोर, आणि तिकडं अजिंठ्याच्या बाजूच्या एका गावात, शाळेच्या टीव्हीसमोर चाळीसेक पोरं. नववी-दहावीची, शिवाय नुकत्याच दहावी पास होऊन अकरावीची वाट बघत घरी बसलेल्या चार-पाच पोरी. तिथले सर खिडकीत मोबाईल धरून उभे राहायचे, कारण रेंज खिडकीतच यायची. विषय एआय आणि चॅटबॉट. नोकरी माझी वेगळी आहे, हे शिकवणं हौसेचं.

मी आमच्या घरातली पहिली पदवीधर. मिरवते म्हटलं तरी चालेल, मला त्याचं काही वाटत नाही. आणि या मिरवण्यातच माझी चूक झाली.

पहिल्या तासाला मी चॅटबॉटकडून मराठीत अर्ज लिहून दाखवला. पोरं खूश. मागून एकानं विचारलं, "म्याडम, त्याला जेवायला लागतं का?"

"वीज लागते."

"मंग आमच्या गावात ते उपाशीच मरंल."

सगळा वर्ग हसला, खिडकीतले सरही हसले आणि रेंज गेली. परत आली तेव्हा मी रंगात येऊन म्हणाले, "माझ्या वेळी फॉर्म कुठं मिळतो, दाखला कोण देतं, हे विचारायला कुणी नव्हतं. खिडकीवर गेलं की वसकन अंगावर यायचे. तुम्हाला आता विचारायला आहे. काहीही विचारा, कितीदाही विचारा, ते चिडत नाही. कळलं?"

"व्हय म्याडम!" चाळीस तोंडांचा एक आवाज.

ते चुकू शकतं, हेही मी बोलले होते. पण तास संपता संपता, एका वाक्यात, उदाहरण न देता. त्यालाही "व्हय म्याडम" आलंच होतं.

पुढच्या शनिवारी मी विचारलं, आठवडाभरात कोणी काय विचारलं? एकानं सामन्याचं विचारलं होतं, एकानं गृहपाठ न केल्याचा माफीनामा लिहून घेतला होता. मग दहावी झालेल्या पोरींपैकी एक तोंडावर हात धरून उभी राहिली.

"मी वसतिगृहाचं इचारलं. फॉर्मची शेवटची तारीख."

शहरातल्या ज्या मुलींच्या वसतिगृहात मी पाच वर्षं काढली, तिथंच तिला जायचं होतं. गावात शाळा दहावीपर्यंतच, आणि वडिलांनी तिला आधीच सांगून ठेवलं होतं, वसतिगृह मिळालं तर अकरावी, नाहीतर घरी. हे मला सरांनी सांगितलं होतं.

"मग काय म्हणालं?"

"महिनाअखेरपर्यंत मुदत असते म्हनलं. अजून आठ दिवस हायेत. लई नीट सांगितलं, म्याडम. मला 'तुम्ही' म्हनलं."

पोरं हसली. मला हसू आलं नाही. जूनचा तिसरा आठवडा सरला होता, आणि माझ्या वेळी तिथले फॉर्म महिनाअखेरच्या बरेच आधी बंद व्हायचे.

"तिथं फोन केला होता?"

"उचलत न्हाईत."

"कुणी जाऊन आलं?"

"आण्णा म्हनले, कामून जायाचं? मशीननं सांगितलंय की."

मी तास तिथंच थांबवला. सरांकडून तिच्या वडिलांचा, आण्णांचा, नंबर घेतला. ते शेतात होते.

"पेरणी चालू हाय, म्याडम. वाफसा आलाय, रान वाळायच्या आत पेराया लागतं. सोमवारी येतो की."

"सोमवारी नको. कागदपत्रं घ्या आणि पोरीला घेऊन आत्ता निघा."

"आजच शेवटची तारीख हाय का?"

"माहीत नाही."

"माहीत नाय, अन् निघा म्हनता?"

"व्हय. चूक निघाली तर मला शिव्या द्या, पण निघा."

पलीकडं त्यांनी कुणाला तरी बैल सोडायला सांगितलं. मग ते म्हणाले, "नऊची यस्टी हाय."

मी वसतिगृहावर पोचले तेव्हा कार्यालय नुकतंच उघडत होतं. खिडकीशेजारी भिंतीवर सूचना चिकटवलेली. अंतिम दिनांक आजचाच, वेळ दुपारी एक. तरी मी खात्रीसाठी आत डोकं घातलं. खिडकीवर त्याच बाई होत्या, माझ्या वेळच्या. केस पिकले होते, आवाज तोच.

"बाई, शेवटची तारीख आजच ना?"

"वाचता येत नाही का? भिंतीवर लावलंय!"

"येतं, बाई. इथंच राहून शिकले."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, ओळखलं की नाही कळलं नाही. मी म्हणाले, एक मुलगी गावाहून निघालीय, गाडीत आहे.

"गेल्या वर्षी एका मुलीचा बाप असाच, गाडीत आहे, गाडीत आहे. आलाच नाही. खिडकी एकला बंद होते."

मी समोरच्या बाकावर बसले. त्या मशीनवर चिडावंसं फार वाटत होतं. पण त्यानं ही भिंत कुठं पाहिली होती? त्यानं जमेल तसं उत्तर जुळवून दिलं, आणि ते तपासायचं कसं, हे पोरांना मी शिकवलं नव्हतं. ज्या पोरीशी आजवर कुणी आदरानं बोललं नव्हतं, तिच्याशी ते आदरानं बोललं. तिनं विश्वास ठेवला नसता तरच नवल. तिच्या वयाची असताना मीही ठेवला असता.

फोन करत राहिले. साडेअकराला सिल्लोड सुटलं होतं. साडेबाराला फुलंब्री मागं पडली होती. एक वाजला तेव्हा ते हर्सूलला, शहराच्या तोंडाशी, रस्त्यात अडकलेले.

बाईंनी घड्याळ पाहिलं. उठल्या, खिडकीची एक फळी लावली. मी उठून खिडकीशी गेले. दुसऱ्या फळीला त्यांनी हात लावला, माझ्याकडं पाहिलं आणि परत खुर्चीत बसून डबा उघडला.

"जेवताना मी खिडकी लावत नाही," त्या म्हणाल्या. "कोंदट होतं."

इतकं सावकाश जेवणारं माणूस मी आयुष्यात पाहिलं नाही.

ते आले तेव्हा बाईंची शेवटची पोळी चालली होती. वडिलांच्या पायजम्याला शेतातला चिखल तसाच, पोरीनं प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरलेली. बाईंनी डावीकडं डबा सरकवला, हात पुसले आणि कागद बघत गेल्या. गुणपत्रक, शाळेचा दाखला, उत्पन्नाचा दाखला.

"फोटो कोण चिकटवणार? मी?"

असं म्हणत गोंदाची बाटली त्यांनीच पुढं केली. पोरीनं घाईनं चिकटवला, फोटो थोडा तिरका बसला. मग शिक्का मारल्याचा आवाज आला. पोच हातात पडली. खिडकी बंद झाली.

मी बाहेर पायरीवर बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे तेव्हा आठवलं. पोरगी पोचपावती पुन्हा पुन्हा वाचत होती. वडील शेजारी बसले.

"म्याडम, सिल्लोडपस्तोर मी तुम्हाला मनात लई शिव्या दिल्या."

"मग?"

"मंग ही रडाया लागली. म्हून थांबलो."

तिघंही हसलो. चहा त्यांनीच पाजला, ऐकेनात.

त्याच्या पुढच्या शनिवारी मी वर्गाला सरळ सांगितलं, मागं मी तुम्हाला अर्धंच शिकवलं होतं. सगळ्यांसमोर तोच प्रश्न मशीनला पुन्हा टाकला. या वेळी त्यानं वेगळीच तारीख दिली, तेवढ्याच अदबीनं. तुला कसं माहीत, असं विचारल्यावर त्यानं माफी मागितली आणि वसतिगृहात चौकशी करा म्हणालं. मी म्हणाले, शहागंजच्या बाजारात एखाद्याला पत्ता विचारा, त्याला माहीत नसला तरी नाही म्हणणं जिवावर येतं, तो कुठल्या तरी दिशेला हात करतोच. तसं आहे हे.

"म्हंजी आमच्या मामासारखं," मागून आवाज आला. "त्यो बी कशालाच नाय म्हनत नाय."

वर्ग हसला. मी म्हणाले, मामाला विचारा, जरूर विचारा. पण तारीख असेल, औषध असेल, शिक्का लागणार असेल, तर मामाचं ऐकून झाल्यावर भिंतीपर्यंत जाऊन या. "व्हय म्याडम" सुरू होताच मी हात वर करून थांबवलं. म्हटलं, एकेकानं उठून सांगायचं, तुम्ही काय विचारलं असतं आणि ते खरं की खोटं कुठं जाऊन बघितलं असतं. त्या दिवशी तास दुप्पट लांबला, सरांचा हात भरून आला.

महिन्याभरानं तिचा फोन आला. वसतिगृहाची यादी लागली होती.

"नाव हाय, म्याडम. भिंतीवरच वाचलं. तरी खिडकीवर जाऊन बाईंना इचारून आले."

"काय म्हणाल्या?"

"वाचता येत नाही का म्हनल्या," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना.