पुढचा चाप

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. वडील छापून आणायचे, मोठे चुलते बसून घड्या घालायचे, आणि मी पत्रकांच्या कोऱ्या मागच्या बाजूवर अक्षरं गिरवायची. या चुलत्यांना मी नाना म्हणते. वडील गेल्यावर त्यांनीच मला शिकवलं.

मागच्या वर्षी मी स्वतः एक पत्रक लिहिलं. जिल्ह्यातले बंदुकीचे सगळे परवाने रद्द करा, अशी मागणी होती. वाढदिवसाला कमरेला पिस्तूल लावून फोटो काढणाऱ्यांचा मला संताप होता, अजूनही आहे. छापण्याआधी नानांनी ते वाचलं आणि दोन चुका सुधारल्या. ‘सगळे’ या शब्दावर त्यांचं बोट जरा थांबलं, मग पुढच्या ओळीवर गेलं. धारूरच्या बाजारात ते पत्रक वाटायला ते माझ्याबरोबर उभे राहिले.

नानांकडे दुनळी बंदूक होती. पीकसंरक्षणाचा परवाना, आजोबांनी कुणाकडून तरी स्वस्तात घेतलेली, दस्ता फुटलेला आणि तांब्याच्या तारेने बांधलेला. वनखात्याची परवानगी निघाली की डोंगराकडेची माणसं रानडुकरांसाठी त्यांनाच बोलवायची. नाना छर्रे वापरत नसत. छर्ऱ्याने डुक्कर नुसतं जखमी होतं आणि तीन दिवस झुडपात कण्हत मरतं, म्हणायचे. ते शिशाची एकच गोल गोळी असलेलं काडतूस भरायचे.

पण ती बंदूक गोळीसाठी केलेली नव्हती. चाळीस पावलांवर उजव्या नळीची गोळी वीतभर डावीकडे लागायची आणि डाव्या नळीची वीतभर उजवीकडे. म्हणून उजवी नळी उडवायची तर नाना वीतभर उजवीकडे नेम धरत, डावी उडवायची तर वीतभर डावीकडे. पुढचा चाप उजव्या नळीचा, मागचा डाव्या. हे मला लहानपणापासून पाठ होतं.

परवान्यांची तपासणी सुरू झाली आणि नानांनाही नोटीस आली. बंदुकीची गरज काय, ते लेखी कळवा. त्यांनी नोटीस माझ्यासमोर ठेवली.

“उत्तर तू लिही. तुझं अक्षर सायबाला वाचता येतंय.”

“काय लिहू?”

“ते उद्या सांगतो. दोन काडतुसं हायेत. एक जरी गोळी निशाण्यावर लागली, तर लिही की ठेवायची हाय. न्हाई लागली तर जमा करू. नेम नसलेल्या माणसाकडं कशाला पायजे?”

सकाळी आम्ही रानात गेलो. बांधाला खुंट्या ठोकून खताचं पोतं ताणून बांधलं, त्यावर चुन्याने ताटाएवढं गोल काढलं. शेजारचे काका वैरण टाकून बघायला आले.

“नाना, बंदूक गेल्यावर डुकरं कशी हाकलणार?”

“हिचं पत्रक वाचून दाखवीन.”

“मग तर लई लांब पळतील बघा.”

तिघंही हसलो. मग काका बैलांकडे वळले, एक सुटू पाहत होता.

नानांना शुगर आहे. बोटं बधिर झालीत, पायातली चप्पल निसटली तरी त्यांना कळत नाही. मी त्यांच्या उजव्या हाताला उभी होते. त्यांनी दोन्ही नळ्या भरल्या, वीतभर उजवीकडे नेम धरला. बोट पुढच्या चापावरून घसरून मागच्यावर गेलं. मी ते बघितलं. बोलायला वेळ होता की नव्हता, ते आता मला नक्की सांगता येत नाही. आवाज झाला. त्यांनी बंदूक खाली न घेता डावीकडे नेम धरला आणि मागचा समजून पुढचा चाप ओढला.

कान बंद झाले. पोत्याजवळ गेलो. एक भोक दोन विती उजवीकडे, एक दोन विती डावीकडे. गोल कोरं.

नानांनी गोलापासून भोकांपर्यंत विती मोजल्या. मग बंदूक उघडून दोन्ही रिकामी काडतुसं हातात घेतली. कोणती नळी आधी उडाली, ते त्यावरून कळणार नव्हतं.

“पैला चाप मी मागचा तर न्हाई ना ओढला? मला बोटाचं काय समजत न्हाई. तू बघितलं आसंल.”

मी म्हणाले, “पुढचाच होता नाना.”

का म्हणाले, ते लिहायचा मी अनेकदा प्रयत्न केला. पत्रकात मी ‘सगळे’ लिहिलं होतं, हे एक कारण. ते पुरत नाही. त्या वेळी मला काहीच वाटलं नाही, एवढं खरं आहे.

“मग डोळाच गेला,” ते म्हणाले, आणि पोतं सोडून घडी घातली.

ठाण्यात बंदूक जमा करायचा अर्ज मी लिहिला. हवालदाराने नळ्यांतून उजेडाकडे बघितलं. “चालू हाय का बिघडली?”

“तिला काय बी झालं न्हाई,” नाना म्हणाले. “मला झालंय.”

त्यानंतर त्यांनी मोटारसायकल माझ्या चुलतभावाला देऊन टाकली. पेपर मला वाचायला सांगू लागले. गड्याने सरळ पाडलेली सरीसुद्धा सरळ आहे का, ते मलाच विचारायचे. शेवटी मी त्यांना अंबाजोगाईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, या वयात एवढी चांगली नजर कमी दिसते, चष्म्याचीही गरज नाही.

येताना एसटीत मी म्हटलं, “ऐकलं ना नाना? डोळे चांगले आहेत.”

“त्येला काय म्हाईत?” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “तो तिथं व्हता का? तू व्हतीस.”

मी हो म्हणाले. कंडक्टर आला, त्याच्याकडून मी दोन तिकिटं घेतली.