नेऱ्याच्या टेकडीवरचं मरण

आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहणाऱ्या बाईंइतक्या वेळा आणि इतकं मन लावून आमच्या पनवेल तालुक्यात दुसरं कुणी मेलं नसेल. जुन्या मारधाडीच्या चित्रपटांत त्या दुय्यम नायिका होत्या. नायकावर आलेला बाण, भाला किंवा गोळी दुय्यम नायिकेनं स्वतःच्या अंगावर घेऊन शेवटाच्या जरा आधी मरायचं, म्हणजे नायक मुख्य नायिकेशी लग्न करायला मोकळा, असा त्या धंद्याचा रिवाज होता. बावीस चित्रपटांत बाई बावीस वेळा मेल्या. त्यातही बहुतेकदा पनवेलजवळच्या नेऱ्याला, डोंगराखाली, कारण स्वस्तात उरकायच्या चित्रपटांना आफ्रिका, अरबस्तान आणि यमुनातीर हे सगळं तिथंच मिळे. म्हातारपणी त्या पनवेलला का आल्या असं मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "जिथं एवढ्या वेळा मेले, तिथं एकदा जगून बघावं म्हटलं."

हे त्या हसून म्हणाल्या असतील असं समजू नका. बाई कायम चिडलेल्या असत. मरणाच्या टेकडीवर कुणाचं तरी फार्महाऊस झालं आणि ऐन पडण्याच्या जागी पोहण्याचा तलाव खणला, म्हणून त्या वर्षभर चिडल्या होत्या. टीव्हीवरच्या मालिकांवर तर रोजच. संध्याकाळी माझ्या दारावर काठी आपटून "वाचनालय, बाहेर या" अशी हाक येई. मी निवृत्त ग्रंथपाल, एवढी ओळख त्यांना पुरे होती. मग मालिकेतला नुकताच वारलेला सासरा दाखवून त्या विचारत, "पापणी हलतेय की नाही? मेलेल्या माणसाची पापणी हलते? याला घरी पाठवा." मोऱ्याच्या बंदरावरून मासे घेऊन येणाऱ्या मावशीचीही यातून सुटका नव्हती. तिनं पाटी उतरवली की बाई पापलेट उचलून चष्म्याजवळ धरत. "हा मेल्यासारखा वाटत नाही."

"बाय, मासा हाय तो," मावशी म्हणे. "मेलाय. आता त्याच्याकडनं नाटक करून घेऊ काय?"

गेल्या वर्षी बाईंच्या सर्वांत चांगल्या मरणाचा चित्रपट कुठल्याशा गोदामात सापडला. तो त्यांनी स्वतः कधीच पाहिला नव्हता. तो लागला तेव्हा त्या दुसऱ्या चित्रपटात मरत होत्या, आणि आठवड्याभरात तो उतरला. गावातल्या एका मंडळानं तो दाखवून बाईंचा सत्कार करायचं ठरवलं. बाईंनी मला आठ दिवस आधीपासून बजावलं, "मुख्य नायिकेकडे बघू नका, ती लाकूड आहे. बाण लागल्यावर सगळ्या मागे पडतात. मी तीन पावलं पुढे येते. ती बघा."

पडद्यावर बाई घोड्यावरून टेकडी चढल्या. शत्रूनं धनुष्य ताणलं. आणि पुढच्याच क्षणी नायकाच्या लग्नाची वाजंत्री सुरू झाली. दिवे लागले तेव्हा मंडळाचे अध्यक्ष मोठ्या समाधानानं म्हणाले, "तेवढा भाग आम्ही काढून टाकला, आजी. सत्काराच्या दिवशी तुमचंच मरण दाखवायचं, ते बरं दिसत नाही. अशुभ."

बाईंनी शाल घेतली नाही. काठी माझ्या हातात दिली, मंचाच्या मधोमध गेल्या, छातीशी हात नेला आणि वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तीन पावलं पुढे येऊन गुडघ्यांवर, मग कुशीवर पडल्या. सभागृह उठून उभं राहिलं. अध्यक्षांनी घाबरून पाण्याची अख्खी बाटली त्यांच्या तोंडावर रिकामी केली. बाईंनी एक डोळा उघडला.

"अजून संवाद बाकी आहे," त्या म्हणाल्या. "आणि पाणी कुणी मारलं?"

संवाद कुणी ऐकलाच नाही. त्यांना उचलून रुग्णवाहिकेत घातलं. भेट म्हणून दिलेल्या पेन ड्राइव्हमध्येही मरण नव्हतं. ते मागायला मी अध्यक्षांकडे किती खेटे घातले, सांगता येणार नाही. "देतो की काका, घाई काय आहे?" असं दर वेळी उत्तर मिळे. घाई बाईंना होती. "स्वतःचं मरण बघितल्याशिवाय मरायचं म्हणजे..." एवढं म्हणून त्या पुन्हा मालिका लावत.

पौषातल्या एका दुपारी त्या झोपेतच गेल्या. पावलं नाहीत, संवाद नाही. असलं मरण बाईंनी कुणाचं चालवून घेतलं नसतं. वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या, त्यांत 'सहकलाकार' असा शब्द होता. मंडळानं शोकसभा ठेवली. निदान आता तरी तो भाग दाखवा, असं मी अध्यक्षांना म्हणालो.

"आता तर मुळीच नको, काका. खरंच गेल्यात ना त्या. लोकांना वाईट वाटेल."

म्हणजे जिवंत होत्या म्हणून दाखवायचं नाही, आणि गेल्या म्हणूनही नाही. मी आयुष्यभर 'शांतता राखा' अशा पाटीखाली बसलेला माणूस. त्या सभेत मी काय बोललो ते मला आठवत नाही. शेजारी सांगतात की मी काठी आपटली. काठी बाईंची होती. तेवढा भाग त्याच संध्याकाळी घरपोच आला.

दुसऱ्या दिवशी मावशीनं सवयीनं समोरच्या बंद दारापाशीच पाटी उतरवली. मी तिला आत बोलावलं आणि टीव्ही लावला. बाण आला. विशीतल्या बाई एक, दोन, तीन पावलं पुढे आल्या. खरंच पुढे आल्या. "माझ्या घोड्याला पाणी पाज," एवढंच म्हणाल्या आणि पडल्या. कॅमेरा त्यांच्या चेहऱ्याजवळ जाऊन थांबला. मावशीनं पदर तोंडाशी धरला होता. मग ती जरा पुढे वाकली.

"मास्तर," ती हळूच म्हणाली, "बायची पापनी हालली नाय?"

मी ते मागे घेऊन पुन्हा पाहिलं. हलली होती.

"वारा असेल," मी म्हणालो. "नेऱ्याला वारा फार असतो."

मावशी पडद्याकडे बघत राहिली. "असतो खरा," ती म्हणाली. "परत लावा."