मशीन न बघता केलेला एमआरआय

माझ्या एमआरआयची गोष्ट आमच्या प्रभादेवीत इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे, की आता एकदा माझ्या तोंडूनच ऐका. चहा घ्या, गार होतोय. मान आता बरी आहे, व्यायामावर भागलं, तेव्हा बिनधास्त हसा.

झालं असं, की उजव्या हाताला मुंग्या यायच्या. डॉक्टर म्हणाले, मानेत शीर दबली असेल, एमआरआय करू, ऑपरेशन लागेल की नाही ते कळेल. आता ऑपरेशनचं मला काही वाटलं नाही. घाम फुटला तो त्या मशीनच्या नावानं. अहो, मी लिफ्टमध्ये एकटा चढत नाही. आयुष्यभर परळच्या शाळेत भूगोल शिकवला, पोरांना सहारा वाळवंट ओलांडून नेलं, पण त्या नळीत डोकं घालायचं म्हटल्यावर मी खुर्चीतून उठलोच.

मी म्हटलं, "डॉक्टर, ती शांत व्हायची गोळी असते ना, माझी मेव्हणी घेते, ती द्या."

"मेव्हणीची गोळी मेव्हणीला. तिची सवय लागते, आणि तुमच्या वयात तोल जाऊन पडायला होतं. आधी बिनगोळीचं करून बघू. नाहीच जमलं तर मी आहे."

केमिस्टकडे सहज चौकशी केली. तो चिठ्ठीशिवाय हात लावायला तयार नाही. मग माझा मित्र बाळा सावंत लालबागहून कसल्याशा मुळ्यांचं चूर्ण घेऊन आला. बाळाचा खांदा धरला होता, त्यालाही एमआरआय सांगितलेला, आणि तो माझ्याहून जास्त टरकलेला. चूर्ण स्वतः घ्यायचं सोडून माझ्यावर प्रयोग.

"घे रे, झाडपाल्याचा आसा. काय होवचा नाय."

डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक असं नसतं, तुमच्या बीपीच्या गोळीबरोबर ते काय करेल सांगता येत नाही. चूर्ण परत लालबागला गेलं.

राहिला बिनगोळीचा उपाय. श्वास सावकाश आत, त्याहून सावकाश बाहेर. डोळ्यांवर रुमाल, तोही मशीन दिसायच्या आधी. आणि मनात एक आवडती जागा आणायची. मी आचऱ्याची खाडी आणली. लहानपणी तिथे मामाच्या होडीत उताणा पडायचो. रोज संध्याकाळी गच्चीत चटई टाकून सराव केला. खरं सांगतो, काही दिवसांनी चटई हलायला लागली. फळीखालून पाणी चुळुक चुळुक करायचं, वरून माडांच्या सावल्या अंगावरून जायच्या. समोरच्या टॉवरचं बांधकाम, गाड्यांचे हॉर्न, सगळं लांब किनाऱ्यावर राहायचं.

ठरल्या दिवशी परळच्या सेंटरवर गेलो. बायको, वंदना, बरोबर येते म्हणाली होती. मीच ऐटीत नको म्हटलं. कपडे बदलायला गाऊन मिळाला, कानात घालायला बोळे मिळाले. तिथल्या मुलीनं एका खोलीतला पलंग दाखवला. "काका, इथे शांत पडा. मी येतेच."

मी पडलो. बोळे घातले, रुमाल बांधला. श्वास आत, श्वास बाहेर.

होडी सुटली. काय सांगू तुम्हाला ते सुख. पाणी हिरवं, ऊन कोवळं, आणि काजूच्या मोहोराचा वास. थोड्या वेळानं ठक ठक सुरू झालं. मला सगळ्यांनी सांगूनच ठेवलं होतं, मशीन ठोकल्यासारखा आवाज करतं. मी हसलो. किनाऱ्यावर कुणीतरी नवी होडी बांधतंय असं मनाशी धरलं आणि पुढे वाहत गेलो. मध्येच घरघर झाली. म्हटलं, करवत चालवतायत. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथपर्यंत गेलो असेन.

आवाज थांबला. रुमाल काढला. खोलीत कुणी नाही. मशीनही नाही. म्हटलं, वा, पलंग परत आणूनही ठेवला, मला पत्ता नाही. कपडे घातले, बाहेर काउंटरवर विचारलं, "रिपोर्ट कधी?"

तो मुलगा मान वर न करता म्हणाला, "उद्या संध्याकाळी."

परळहून प्रभादेवीपर्यंत मी चालत नाही, तरंगत आलो. बिल्डिंगच्या खाली बाळा बाकावर वाट बघत होता, वंदना आणि शेजारच्या दोन बायका होत्या. मग मी जे सुरू झालो. भीती कशी मनाची असते, नळीत गेल्यावर कसं आईच्या कुशीत गेल्यासारखं वाटतं, सगळं. बाळाच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्यासोबत येशील रे?" म्हणाला. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवत होतो, तेवढ्यात फोन वाजला. सगळ्यांनी ऐकावं म्हणून मी स्पीकरवर टाकला.

"काका, कुठे आहात? आम्ही बाथरूमपर्यंत शोधलं. तुमचा नंबर आलाय."

"माझा झाला की."

"काय झालं?"

"एमआरआय. त्या खोलीत."

"काका, ती थांबायची खोली आहे. मशीन खाली तळघरात आहे."

"मग तो ठक ठक आवाज?"

"शेजारी सुतारकाम चाललंय. सॉरी हां, त्रास झाला का?"

बाळाचे डोळे क्षणात कोरडे झाले. बायका वर निघून गेल्या, जिन्यात हसण्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. वंदनानं पर्स घेतली आणि मला टॅक्सीत बसवलं. बाळा न बोलावता पुढच्या सीटवर बसला.

तळघरात खरं मशीन बघितलं आणि मी परत दाराकडे वळलो. मुलीनं हातात रबरी फुगा दिला, भीती वाटली तर दाबा म्हणाली. वंदनाला पायाशी उभं राहू दिलं, तिनं माझा अंगठा धरला. रुमाल बांधला. श्वास आत, बाहेर. सुरुवातीला खाडी काही येईना. नुसतं धडधड, धडधड. मग हळूहळू कुठूनतरी पाणी चढलं, होडी टेकली होती ती उचलली गेली, आणि मी गेलो.

वंदनानं अंगठा जोरात ओढला तेव्हा जागा झालो. समोर ती मुलगी, कपाळाला हात लावून.

"काका, छान पडला होतात, पण मान हलत होती. सगळी चित्रं पुसट आलीत."

"मी तर हललो नाही."

"घोरत होतात," वंदना म्हणाली. "मशीनपेक्षा मोठ्यानं."

"परत घ्यावं लागेल," मुलगी म्हणाली. "काका, प्लीज, या वेळी जरा घाबरून राहा."

मी परत आडवा झालो. मनापासून प्रयत्न केला हो. आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला घाबरता येईना.