देवीच्या नावावर खपवलेलं खोटं

हे लिहायला लाज वाटते. पण देवीपुढे कबूल केलं, ते माणसांपासून लपवून काय करायचं? माझा मुलगा चार वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, हाक मारली तरी बघत नव्हता. साताऱ्याच्या डॉक्टरांनी स्वमग्नता सांगितली आणि लसीचा तिच्याशी काही संबंध नाही, हेही बजावलं. मी ऐकलं मात्र लसीनंच असं होतं म्हणणाऱ्या मोबाईलवरच्या एका व्हिडिओचं. धाकट्या लेकीला नऊ महिने झाले, तशा गोवराच्या लसीचं सांगायला आशाताई दारात येऊ लागल्या; त्या आल्या, की मी काहीतरी कारण काढून त्यांना वाटेला लावायची.

नवरा सैन्यात, लांब. सासूबाई म्हणाल्या, "देवीला कौल लाव बाई, ती सांगंल तसं कर." मी एकटीच गेले. लेकीला लस द्यावी का, असं विचारून गुरवांनी मूर्तीच्या दोन्ही अंगांना फुलं लावली. उजवं पडलं, म्हणजे होकार; डावं पडलं असतं तर नकार. आणि मी घरी येऊन बेधडक सांगितलं, "डावा दिला." सासूबाईंनी हात जोडले, विषय मिटला. आशाताईंनाही तेच ऐकवलं. जीभ जरासुद्धा अडखळली नाही माझी!

पंधरा दिवसांत आमच्या आळीत गोवर निघाला. सासूबाई "देवी हाय की" म्हणत निर्धास्त, आणि मी दिवसातून दहादा लेकीचं अंग चाचपून बघत होते. मंगळवारी दोन्ही लेकरं घेऊन देवळात जाऊन बसले. तिथं पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यातली, मेंढरं राखणाऱ्या घरातली एक बाई आली होती. तिचा दहा-बारा वर्षांचा मुलगा माझ्या लेकासारखाच हात फडफडवत खांबाभोवती फिरत होता. मला रडूच फुटलं. आणि मी विचारलं काय, तर "कुठल्या लसीनं झालं हो असं?"

ती हसली. "लस? आवं, आमी मेंढरामागं रानोमाळ. ह्याला सुई म्हाईतच न्हाई. पोटातनंच असा आलाय." पदरानं त्याचं तोंड पुसत म्हणाली, "लय गुणाचं हाय माजं. तुमचा बी तसाच हाय व्हय? मग रडताय कशाला?"

घरी येऊन सासूबाईंचे पाय धरले आणि खरा कौल सांगितला. त्या लेकीला काखेला मारून म्हणाल्या, "चल. आदी सुई, मग बगते तुज्याकडं."

लेकीला गोवर निघाला नाही. ही कृपा देवीची की लसीची, त्यात मला पडायचं नाही. त्या बाईचं तर मी नावही विचारलं नाही. पण एक लाज अजून जात नाही. इतके दिवस मी गुन्हेगार शोधत होते, म्हणजे माझ्या पोराला मी गुन्हाच समजत होते. आता त्याला बोलता कर, असं साकडं घालत नाही. एवढंच म्हणते, आई, जसा दिलास तसा तो माझा आहे. मला त्याच्याकडे नीट बघायला शिकव.